स्वस्त दूरध्वनीचा शोध : अभियंते अशोक झुनझुनवाला यांचे कार्य

१९९४ साली भारत सरकारने आपले राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केले. त्या धोरणपत्रात देशाच्या तत्कालीन स्थितीविषयी काही आकडे दिलेले आहेत. भारतात त्या वेळी दर शंभर माणसांमागे ०.८ दूरध्वनी होते; जगाची सरासरी मात्र शंभरामागे दहा होती. देशात एकूण सुमारे ८० लाख दूरध्वनी जोडण्या होत्या आणि सुमारे २५ लाख अर्जदार प्रतीक्षायादीत तिष्ठत होते. एकूण ५,७६,४९० खेड्यांपैकी सुमारे १,४०,००० खेड्यांतच दूरध्वनी पोहोचला होता. म्हणजे दर चार खेड्यांपैकी तीन खेड्यांत एकही दूरध्वनी नव्हता. घरात कोणी अत्यवस्थ झाले, बाजारातील कांद्याचा भाव समजून घ्यायचा झाला किंवा परगावी असलेल्या मुलाशी दोन शब्द बोलायचे झाले, तरी तालुक्याचे गाव गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही उणीव का होती? लोकसंख्या फार, पैसा अपुरा, अंतरे मोठी, अशी अनेक उत्तरे त्या काळी दिली जात. चेन्नई येथील एका अभियंत्याने मात्र या प्रश्नाचे निराळे आणि अगदी साधे उत्तर दिले. दूरध्वनीची एक जोडणी उभारण्यास जो खर्च येतो तो आपल्या देशातील बहुसंख्य कुटुंबांच्या कुवतीबाहेरचा आहे, हे ते उत्तर होय. पुढे जाऊन तो असेही म्हणाला की, हा खर्च कमी करणे हे सरकारच्या किंवा सावकाराच्या हातचे काम नसून ते अभियंत्याचे काम आहे. या अभियंत्याचे नाव अशोक झुनझुनवाला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काय घडविले, त्यातील काय टिकले आणि काय काळाच्या ओघात वाहून गेले, याचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे.

शिक्षण आणि मद्रासचे आगमन

झुनझुनवाला यांचा जन्म १९५३ सालचा. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९७५ साली विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. तेथील मेन विद्यापीठाने १९७९ मध्ये त्यांना डॉक्टरेट ही पदवी दिली. त्यानंतर काही काळ त्यांनी वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात अध्यापन केले. त्या काळी परदेशी गेलेले बहुतेक हुशार अभियंते तिकडेच स्थायिक होत असत. झुनझुनवाला यांनी उलट वाट धरली आणि १९८१ साली ते मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापक म्हणून रुजू झाले.

मद्रास शहराला १९९६ पासून चेन्नई या नावाने ओळखले जाते. संस्थेच्या नावात मात्र जुने नाव कायम आहे. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ साली स्थापन झालेली ही संस्था गिंडीच्या रानाचा एक भाग मोकळा करून वसविलेली आहे. आजही तिच्या आवारात वडाच्या झाडांखाली हरणे आणि काळवीट निर्भयपणे चरताना दिसतात. बिनतारी यंत्रविद्येशी या शहराचा संबंध जुना आहे. १९२४ साली येथील हौशी मंडळींनी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन करून भारतातील अगदी आरंभीचे नभोवाणीप्रक्षेपण केले होते. पैशांच्या अभावी १९२७ मध्ये तो उपक्रम बंद पडला. यंत्र चालते, परंतु त्याचा खर्च पेलत नाही, हा अनुभव या शहराला असा जुनाच होता.

खर्चाचा हिशेब

संस्थेत झुनझुनवाला यांना भास्कर राममूर्ती आणि टिमोथी गोन्साल्विस यांच्यासारखे समविचारी सहकारी लाभले. दूरसंचार व संगणकजाल या विषयांवर काम करणारा त्यांचा गट पुढे 'टेनेट' या नावाने प्रसिद्ध झाला. या गटाने आपल्या कामाचा आरंभ एका हिशेबापासून केला. तो हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही सहज समजण्याजोगा आहे.

दूरध्वनीची एक नवी जोडणी देण्यासाठी एक्स्चेंज, तारा, खांब, खड्डे, उपकरण असा सर्व मिळून त्या काळी सुमारे ३०,००० रुपये खर्च येत असे. हे भांडवल कर्जाऊ घेतले तर त्यावर व्याज द्यावे लागते. यंत्रांची झीज होते. दुरुस्ती आणि नोकरवर्ग यांवर खर्च होतो. या सर्वांची बेरीज दर वर्षी भांडवलाच्या सुमारे ३५ टक्के होते. ३०,००० रुपयांचे ३५ टक्के म्हणजे १०,५०० रुपये. याचा अर्थ असा की, एका जोडणीपासून महिन्याला सुमारे ८७५ रुपये उत्पन्न मिळाले तरच तो व्यवहार आतबट्ट्याचा होणार नाही. त्या काळच्या भारतात एवढे बिल नियमित भरू शकणारी कुटुंबे शंभरांत दोन-तीनच होती. आता जोडणीचा खर्च ३०,००० वरून १०,००० रुपयांवर आणता आला तर काय होईल? वर्षाचे ३,५०० म्हणजे महिन्याचे सुमारे २९० रुपये पुरतील. मग दूरध्वनी हा श्रीमंतांचा विलास न राहता मध्यम स्थितीतील लक्षावधी कुटुंबांच्या आवाक्यात येईल.

पाश्चात्त्य देशांतील संशोधकांना हा प्रश्न पडत नव्हता आणि तसे होणे स्वाभाविकही होते. तेथे जवळजवळ प्रत्येक घरी दूरध्वनी होता आणि त्याचे बिल तेथील कुटुंबाला जड जात नव्हते. त्यामुळे नवे यंत्र तयार करताना किंमत तीच ठेवून त्यात अधिक सोयी घालाव्यात, अशीच तेथील कारखानदारांची दृष्टी असे. सोय तीच ठेवून किंमत एक-तृतीयांश करावी, असा आग्रह धरण्याचे त्यांना कारण नव्हते. हा प्रश्न ज्यांचा होता त्यांनीच तो सोडविणे भाग होते. झुनझुनवाला यांच्या पुढील साऱ्या कार्याचे मूळ या जाणिवेत आहे.

तारेऐवजी लहर

खर्च कोठे होतो हे पाहिल्यावर गटाच्या असे ध्यानात आले की, त्याचा फार मोठा वाटा एक्स्चेंजपासून घरापर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या तारेवर होतो. एक्स्चेंजमधील इलेक्ट्रॉनिक यंत्रे वर्षानुवर्षे स्वस्त होत होती. तांब्याची तार, ती पुरण्यासाठी खणावे लागणारे रस्ते आणि पावसाळ्यात तीत शिरणारे पाणी यांचा खर्च मात्र कमी होण्याचे चिन्ह नव्हते. तेव्हा शेवटच्या टप्प्यातील ही तार काढून टाकावी आणि तिचे काम रेडिओलहरींकडे सोपवावे, असे ठरले.

रेडिओलहरींवर चालणारे मोबाइल दूरध्वनी १९९५ पासून भारताच्या शहरांत दिसू लागले होते. परंतु त्यांची यंत्रणा महाग होती. मिनिटाला कित्येक रुपये मोजावे लागत आणि आपल्याला आलेल्या फोनचेही पैसे पडत. तेव्हा गटाने युरोपात १९९२ च्या सुमारास मान्य झालेल्या 'डेक्ट' या मानकाची निवड केली. हे मानक मूलतः घरातल्या घरात किंवा कचेरीत हाती घेऊन फिरता येईल अशा बिनतारी दूरध्वनीसाठी आखलेले होते. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री साधी आणि म्हणून स्वस्त होती. काही मीटरांसाठी बनविलेल्या या पद्धतीला काही किलोमीटर चालावयास लावणे, हे आव्हान चेन्नईच्या अभियंत्यांनी स्वीकारले. त्यांनी घडविलेल्या यंत्रणेस 'कॉरडेक्ट' हे नाव मिळाले.

एका लहरीवर बारा संभाषणे

या पद्धतीतील मुख्य युक्ती समजून घेणे मनोरंजक आहे. पाटाच्या पाण्याची पाळी आपल्याकडील शेतकऱ्याला परिचित आहे. पाट एकच असतो; पण ठरलेल्या वेळी प्रत्येकाच्या शेताकडे पाणी वळविले जाते आणि आपल्या पाळीत भरून घेतलेल्या हौदावर शेतकरी पुढील पाळीपर्यंत काम भागवितो. डेक्ट पद्धतीत रेडिओलहरींची अशीच पाळी लावलेली असते.

बोलणाऱ्याचा आवाज प्रथम अंकांच्या रूपात, म्हणजे शून्य आणि एक यांच्या मालिकेत बदलला जातो. या मालिकेतील प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. नेहमीच्या अंकीय दूरध्वनीत एका सेकंदाच्या आवाजासाठी ६४,००० बिट लागतात. डेक्टमध्ये एक निराळी रीत वापरून हेच काम ३२,००० बिटांत भागविले जाते. आता एका सेकंदाचे शंभर भाग कल्पावेत. अशा एका भागात, म्हणजे दहा सहस्रांश सेकंदात, बोलण्याचे ३२० बिट साठतात. या अल्प काळाचे पुन्हा २४ सारखे भाग केलेले असतात: बारा जाण्यासाठी आणि बारा येण्यासाठी. साठलेले ३२० बिट आपल्या वाट्याच्या त्या चोविसाव्या भागात झपाट्याने पाठविले जातात आणि पलीकडे पुन्हा सावकाश उलगडले जातात. बोलणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला ही पाळी जाणवतही नाही. अशा रीतीने एकाच लहरीवर बारा संभाषणे एका वेळी चालतात. डेक्टला अशा दहा लहरी उपलब्ध असल्याने एकंदर १२० मार्ग होतात.

यात आणखी एक सोय आहे. कोणत्या केंद्राने कोणती लहर वापरावी हे इतर मोबाइल पद्धतींत आधी आखून ठरवावे लागे. येथे प्रत्येक यंत्र सर्व मार्ग स्वतः ऐकून पाहते आणि त्यांतील सर्वांत शांत मार्ग निवडते. त्यामुळे नवे केंद्र बसविताना तज्ज्ञाला नकाशे घेऊन बसावे लागत नाही.

अडचण होती ती अंतराची. रेडिओलहर एका सहस्रांश सेकंदात ३०० किलोमीटर जाते. तिला दहा किलोमीटर जाऊन परत येण्यास सुमारे ६७ दशलक्षांश सेकंद लागतात. दोन पाळ्यांमध्ये ठेवलेली मोकळी जागा मात्र सुमारे ५० दशलक्षांश सेकंदांचीच असते. म्हणजे दूरच्या घरातून येणारे बोलणे उशिरा पोहोचून पुढच्याच्या पाळीत घुसणार! घरातील वापरात हा प्रश्न कधी उद्भवतच नाही. खेड्यात तो पदोपदी उभा राहतो. दूरच्या यंत्राने अंतराच्या प्रमाणात किंचित आधी बोलावयास सुरुवात करावी, हा अशा वेळी उपाय असतो. मध्ये अडथळा नसल्यास कॉरडेक्टचे केंद्र दहा किलोमीटरपर्यंतच्या घरांशी जोडले जाई. मध्ये एखाद्या मनोऱ्यावर पुनःप्रक्षेपक बसविल्यास हा पल्ला २५ किलोमीटरपर्यंत जाई.

घरात भिंतीवर एक लहान पेटी बसे. तिला नेहमीचा दूरध्वनी आणि त्याच वेळी संगणकही जोडता येई. संगणकाला इंटरनेटवरून सेकंदाला ३५,००० किंवा ७०,००० बिट मिळत. आजच्या मानाने हा वेग अगदीच मंद वाटेल. परंतु त्या काळी शहरातील तारेवरूनही याहून फार अधिक मिळत नसे. संगणकाची माहिती दूरध्वनीच्या एक्स्चेंजमध्ये न शिरता अलीकडेच वेगळी काढली जाई. त्यामुळे कोणी तासन्‌तास इंटरनेट वापरीत बसला तरी इतरांचे फोन अडत नसत. आणखी एक गोष्ट भारतीय परिस्थितीच्या दृष्टीने महत्त्वाची होती. या यंत्रणेला वातानुकूलित खोली लागत नसे. चेन्नईच्या उन्हाळ्यात ज्याला घाम फुटत नाही ते यंत्र देशात कोठेही चालेल, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

आपल्या देशात संशोधन पुष्कळदा प्रबंधाच्या पानांत संपते. कॉरडेक्टचे तसे झाले नाही, याचे श्रेय एका नव्या व्यवस्थेला आहे. संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुण अभियंत्यांनी चेन्नईतच 'मिडास' नावाची कंपनी काढली होती. अध्यापक आणि विद्यार्थी यांनी संस्थेत केलेला विचार या कंपनीने विक्रीयोग्य यंत्रात उतरविला. यंत्राच्या गाभ्यातील इलेक्ट्रॉनिक चकत्यांसाठी 'अ‍ॅनालॉग डिव्हायसेस' ही अमेरिकन कंपनी सहभागी झाली. विद्यापीठ, लहान स्वदेशी कंपनी आणि मोठी परदेशी कंपनी अशा तिघांनी मिळून, भारतातील गरजेपासून आरंभ करून एक संपूर्ण दूरसंचार यंत्रणा निर्माण करावी, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. ही यंत्रणा भारताच्या अनेक भागांत बसविण्यात आली आणि परदेशांतही गेली.

या कार्याची दखल घेतली गेली. १९९८ साली झुनझुनवाला यांना विज्ञान क्षेत्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २००२ साली त्यांना 'पद्मश्री' देण्यात आली आणि त्याच वर्षीचा एच. के. फिरोदिया पुरस्कारही त्यांना लाभला.

खेड्यातील केंद्र

यंत्र स्वस्त झाले म्हणजे ते आपोआप खेड्यात पोहोचते असे नाही, हे झुनझुनवाला यांनी ओळखले होते. या बाबतीत त्यांना दोन देशी उदाहरणे मार्गदर्शक वाटली. पहिले उदाहरण पिवळ्या पाटीच्या एस. टी. डी. बूथचे. घरोघर दूरध्वनी देणे शक्य नव्हते, तेव्हा नाक्यावरच्या एका दूरध्वनीने शेकडो लोकांची सोय केली आणि चालविणाऱ्यालाही पोटापुरते मिळवून दिले. दुसरे उदाहरण केबल टीव्हीचे. १९९१ नंतरच्या काही वर्षांतच गल्लीगल्लीतील लहान व्यावसायिकांनी कोट्यवधी घरांत केबल पोहोचविली. महिन्याकाठी शंभरेक रुपयांत ही सेवा मिळे. केबल तुटली तर चालक स्वतः धावत येई आणि वर्गणीही दारी येऊन नेई.

याच धर्तीवर गटाने 'एन-लॉग' ही कंपनी स्थापन केली. तालुक्याच्या ठिकाणी एक स्थानिक व्यावसायिक, त्याच्याभोवती २५ किलोमीटरच्या परिसरातील खेडी आणि प्रत्येक खेड्यात गावातल्याच माणसाने चालविलेले एक केंद्र, अशी ही रचना होती. संगणक, छपाईयंत्र, दूरध्वनी आणि विजेची साठवण हे सर्व मिळून केंद्राचा खर्च सुमारे ५०,००० रुपये येई. मदुरै जिल्ह्यातील मेलूर तालुक्यात २००१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने या कल्पनेचा मोठा प्रयोग करण्यात आला. ई-पत्रे, दाखल्यांसाठी अर्ज, संगणकाचे वर्ग, शेतीविषयक सल्ला अशी कामे या केंद्रांत होत. रुग्णाच्या डोळ्याचे छायाचित्र केंद्रातून मदुरैच्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडे पाठवावे आणि तेथील वैद्याने रुग्णाला शहरात येण्याची गरज आहे किंवा नाही ते कळवावे, अशीही सोय करण्यात आली होती. रोजगार बुडवून मदुरैचा हेलपाटा घालणाऱ्या मजुराच्या दृष्टीने या सोयीचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

मोबाइलचा पूर

येथे कथेला निराळे वळण लागते, आणि ते लपविणे योग्य होणार नाही. मेलूरच्या केंद्रांचा पुढे संशोधकांनी अभ्यास केला तेव्हा, काही वर्षांतच त्यांतील बहुतेक बंद पडल्याचे आढळून आले. चालकाला महिन्याचा खर्च भागेल इतके उत्पन्न होत नव्हते. यंत्र बिघडले तर दुरुस्तीला वेळ लागे. सरकारी कचेरीतील उत्साही अधिकारी बदलून गेला की दाखल्यांचे काम थंडावे. झुनझुनवाला यांचा मूळ हिशेब, म्हणजे जितके उत्पन्न तितकाच खर्च पेलतो हा नियम, येथे त्यांच्याच उपक्रमाला लागू पडला.

दुसरीकडे मोबाइल दूरध्वनी कल्पनेबाहेर स्वस्त झाला. २००३ पासून आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले, स्पर्धा वाढली, आणि जगभर कोट्यवधींच्या संख्येने बनू लागल्याने यंत्रांच्या किमती कोसळल्या. घराच्या भिंतीवर बसविलेल्या पेटीपेक्षा खिशात मावणारे यंत्र लोकांना साहजिकच प्रिय झाले. २०१५ च्या अखेरीस भारतातील मोबाइल जोडण्यांची संख्या शंभर कोटींच्या वर गेली. कॉरडेक्टचे काम मोबाइलने आपल्या हाती घेतले होते.

मग चेन्नईचा तो उद्योग फुकट गेला असे म्हणावे काय? तसे म्हणणे अदूरदृष्टीचे ठरेल. महिन्याला दोन-तीनशे रुपयांत दूरध्वनी देता आला तर भारतात त्याला अमाप मागणी येईल, हे त्यांचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. ते निराळ्या यंत्राने खरे केले, एवढेच. शिवाय एक संपूर्ण दूरसंचार यंत्रणा आरंभापासून शेवटपर्यंत आपण घडवू शकतो, हा आत्मविश्वास त्या निमित्ताने एका तरुण पिढीला मिळाला. यंत्र जुने होते. ते घडविणारी माणसे पुढचे यंत्र घडवितात.

तोच हिशेब, नवे प्रश्न

ही गोष्ट त्यानंतरच्या कार्यावरून दिसून येते. बँकेतील पैसे देणारे यंत्र, म्हणजे ए. टी. एम., खेड्यात बसविणे परवडत नसे. कारण त्याला वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि कोऱ्या नोटा लागत. टेनेट गटाच्या साहाय्याने वाढलेल्या चेन्नईच्या 'व्होर्टेक्स' या कंपनीने थोड्या विजेवर, सौरशक्तीवरही चालणारे आणि वापरलेल्या, चुरगळलेल्या नोटा हाताळणारे असे यंत्र बनविले. येथेही यंत्राच्या सोयीसाठी खेडे न बदलता खेड्याच्या स्थितीप्रमाणे यंत्र बदललेले आहे.

पुढे झुनझुनवाला यांनी आपले लक्ष विजेकडे वळविले. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी पाटी एकदिश प्रवाह देते. बॅटरीत साठतो तोही एकदिश प्रवाहच. एल. ई. डी. दिवा, मोबाइल, नव्या प्रकारचा पंखा यांनाही तोच लागतो. असे असता नेहमीच्या रीतीत हा प्रवाह प्रथम २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलतात आणि उपकरणात तो पुन्हा एकदिश करतात. प्रत्येक बदलात काही वीज वाया जाते. दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या गरीब घरात हा अपव्यय प्रमाणाने फार मोठा ठरतो. तेव्हा घरात सरळ ४८ व्होल्टची एकदिश वीज खेळवावी, असे त्यांच्या गटाने ठरविले.

४८ हाच आकडा का, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याच्या मनात येईल. इतक्या दाबाच्या विजेपासून माणसाला धोका फार कमी असतो. याहून कमी, म्हणजे मोटारीच्या बॅटरीसारखा १२ व्होल्ट दाब घेतला, तर तेवढ्याच कामासाठी चौपट प्रवाह लागतो. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सोळापट होते. सुरक्षितता आणि बचत यांचा मेळ ४८ व्होल्टला चांगला बसतो. छताच्या साध्या पंख्याला सुमारे ७० वॅट लागतात. या पद्धतीतील पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. राजस्थानच्या वाळवंटी भागात, जेथे विजेची तार पोहोचलेली नव्हती, अशा सुमारे ४,००० घरांत ही व्यवस्था बसविण्यात आली. उन्हाळ्यात अंगाची लाही करणाऱ्या त्या प्रदेशात रात्री पंखा फिरणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे तेथील माणूसच जाणे.

झाड आणि बीज

चेन्नईत संस्थेच्या आवाराला लागूनच तरमणी भागात २०१० पासून एक मोठे संशोधन उद्यान उभे आहे. विद्यापीठाशी संलग्न असे हे भारतातील पहिले संशोधन उद्यान असून त्याच्या उभारणीत झुनझुनवाला अग्रभागी होते. कंपन्यांनी आपल्या संशोधनशाळा येथे थाटाव्यात, संस्थेतील अध्यापक आणि विद्यार्थी यांच्याबरोबर काम करावे आणि तरुणांनी आपल्या कल्पनांतून नवे उद्योग उभारावेत, असा तिचा उद्देश आहे. विजेवर चालणारी दुचाकी बनविणारी 'एथर' ही कंपनी संस्थेच्या दोघा माजी विद्यार्थ्यांनी २०१३ साली येथील वातावरणातच सुरू केली. मिडासच्या वेळी जे एकदा घडले ते वारंवार घडावे, यासाठी केलेली ही तजवीज होय.

संशोधक म्हटला की एकांतात बसून एखादे अद्भुत यंत्र निर्माण करणारा पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. झुनझुनवाला यांच्या चरित्रातून दिसणारे चित्र याहून वेगळे आहे. त्यांच्या कार्यात डेक्टसारखे दुसऱ्यांनी शोधलेले तत्त्व आहे, सहकाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे श्रम आहेत, यश आहे तसे अपयशही आहे. त्यांची स्वतःची विशेष देणगी आहे ती एका प्रश्नाची. यंत्र काय करू शकेल, हे विचारण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक वेळी विचारले : हे ज्याच्यासाठी करावयाचे तो महिन्याला किती रुपये देऊ शकेल? दूरध्वनी, पैशांचे यंत्र, पंखा या तिन्हींचे उत्तर त्या एका प्रश्नातून निघाले.

आपल्या गावात अजून पुष्कळ गोष्टी महाग आहेत. पिण्याचे शुद्ध पाणी, धान्य टिकविण्यासाठी लागणारी थंडी, आजाराची वेळीच होणारी तपासणी यांचा खर्च कित्येक घरांना पेलत नाही. या लेखाच्या तरुण वाचकांपैकी कोणी एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन त्यांतील एखाद्या वस्तूचा हिशेब मांडावयास बसला आणि एवढा खर्च नेमका कशामुळे होतो हे शोधू लागला, तर चेन्नईच्या या अभियंत्याने घालून दिलेल्या वाटेवर त्याचे पहिले पाऊल पडले, असे समजण्यास हरकत नाही.